अंतरपाट केव्हा काढायचा?

माणसाने मंगळावर वस्ती केली, त्या दिवशी पृथ्वी आणि मंगळ यांच्यातलं अंतर कायमचं मिटलं, असं त्या काळच्या सगळ्या पाठ्यपुस्तकांत लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात ते अंतर पूर्वी होतं तेवढंच होतं, आणि त्यामुळे यमूताईच्या लग्नाची पंचाईत झाली होती.

यमूताई म्हणजे गोदाची थोरली बहीण. गोदाचं पूर्ण नाव गोदावरी, वय अकरा. (नावांची फॅशन तोपर्यंत एक फेरी मारून परत आली होती. मुलींची नावं यमुना आणि गोदावरी असत, आणि आजोबांची स्वप्नील.) या दोघींची एक प्राजक्ताआत्या होती. ती मंगळावरच्या वस्तीत राहायची आणि तिथल्या तांबड्या मातीत मेथी उगवून दाखवायची. पण घरात तिची कीर्ती मेथीबद्दल नव्हती. घरातल्या प्रत्येक लग्नात आत्या स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणायची, आणि यमूताई तर लहानपणी आईबाबांपेक्षा आत्याच्याच कडेवर जास्त असायची.

म्हणून यमूताईने जाहीर करून टाकलं होतं. "आत्याचं शेवटचं कडवं झाल्याशिवाय अंतरपाट काढायचा नाही. आणि सदूला घाई असेल तर त्याने हार स्वतःच्याच गळ्यात घालून घ्यावा."

सदू म्हणजे सदाशिव, नवरामुलगा. त्याला घाई नव्हती. घाई त्याच्या वडिलांना होती.

अडचण अशी होती, की मंगळावरच्या माणसांना घरी संदेश धाडायची वेळ ठरवून मिळते, आणि आत्याची वेळ नेमकी लग्नाच्या सकाळीच येत होती; आवाज आधी मागवून ठेवायची सोय नव्हती. त्या आठवड्यात मंगळावरून निघालेला आवाज पृथ्वीवर यायला बारा मिनिटं लागत होती. म्हणजे आत्या मध्येच थांबली, तर ती दम खातेय, की आवाज वाटेत अडखळलाय, की तिचं संपलंय, हे तिला विचारून उत्तर मिळेपर्यंत चोवीस मिनिटं जाणार. तेवढ्यात मुहूर्त टळतो आणि भात गार होतो.

लग्न कऱ्हाडजवळच्या एका मंगल कार्यालयात होतं. कार्यालय आधुनिक होतं. अंतरपाट (वधूवरांच्या मध्ये धरायचा कापडी पडदा) धरायला दोन यंत्रहात बसवलेले होते, कारण माणसं धरतात तेव्हा एक बाजू हमखास खाली येते. बॅंडमध्ये पाच यंत्रमानव होते आणि पाचांनाही दम लागत नसे, ही त्या बॅंडची वाईट बाजू होती. हात आणि बॅंड दोघेही हुकूम घ्यायचे ते कार्यालयाच्या सर्व्हरकडून (सर्व्हर म्हणजे बाहेरून आलेली माहिती घेऊन ज्याची त्याला पोचवणारा संगणक). बिचारा सर्व्हर लहान होता आणि स्वयंपाकघराचं कामही त्याच्याच गळ्यात होतं.

या सर्व्हरने आत्याचा आवाज घ्यायचा, सभागृहात ऐकवायचा, आणि शेवटचं "शुभमंगल सावधान" झालं की हातांना सांगायचं, काढा. आणि बॅंडला सांगायचं, वाजवा. त्यासाठी प्रोग्रॅम लिहायचा होता. घरच्या बैठकीत गोदा म्हणाली, "मी लिहिते." दुसरं कोणीच काही म्हणालं नाही, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

लग्नाच्या आदल्या सकाळी रंगीत तालीम झाली. आत्याचा एका जुन्या लग्नातला आवाज पृथ्वीजवळच्या उपग्रहावर ठेवला होता. तो तिथून सोडायचा ठरला. मंगळावरून येणारा आवाज शेवटी याच उपग्रहातून कार्यालयाच्या गच्चीवरच्या तबकडीत उतरणार होता. नवरामुलगा म्हणून खुद्द सदू उभा राहिला. यमूताईला मेंदी लागत होती, म्हणून तिच्या जागी एक लोड उभा केला.

गोदाचा पहिला प्रोग्रॅम साधा होता. आवाज पूर्ण येऊ दे, मग सुरू कर. सगळे अक्षता घेऊन उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. सदू लोडाकडे बघत राहिला. मग स्वयंपाकघरातून आचारी ओरडत आला. सर्व्हरच्या डोक्यात आवाज काठोकाठ भरला होता आणि त्याने जागा करायला चुली विझवून टाकल्या होत्या.

गोदाने प्रोग्रॅम बदलला. आता जेवढा आवाज येईल तेवढा लगेच ऐकवायचा, आणि शांतता झाली की संपलं असं समजायचं. या खेपेला आत्याचा आवाज सभागृहात खणखणीत घुमला. पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू झालं, आणि दुसऱ्याच्या मध्यावर आवाज जरासा अडखळला. बस्स. अंतरपाट दूर झाला, बॅंड कडाडला, आणि दचकलेल्या सदूने लोडाच्या गळ्यात हार घातला.

सदूचे वडील लोडाकडे बघत म्हणाले, "अभिनंदन."

"अहो, एवढं कशाला?" गोदाचे बाबा म्हणाले. "ताईने कळवलंय, पाच कडवी म्हणणार आहे. पाच मोजायची आणि काढायचा. हाय काय अन् नाय काय!"

"पाच म्हणाली म्हणून पाचच म्हणेल?" यमूताई मेंदीचे हात हवेत धरून दारातून ओरडली. "बाबा, तुमचीच बहीण ना ती?"

बाबांनी मोजायला उघडलेली पाच बोटं मिटून घेतली.

तेव्हा सदूच्या तेजश्रीकाकू पुढे झाल्या. काकू मोठ्या हौशी. त्यांनीही मंगलाष्टकं रचली होती आणि त्यांत सदूचे बालवाडीपासूनचे गुण आले होते. "माझी तयारी आहे हो," त्या म्हणाल्या. "अगदीच अडलं तर. माझा आवाज काही मंगळावरून यायचा नाही."

"ठरलं तर," सदूचे वडील म्हणाले. "गोदाताई, संध्याकाळी पुन्हा करून दाखवा. जमलं तर आत्याबाई, नाही तर आमची तेजश्री. मुहूर्ताशी खेळ नको."

 यमूताई नुसती गोदाकडे बघून आत गेली. ती रागावली असती तर गोदाला बरं वाटलं असतं.

दुपारी पंगत बसली तेव्हा गोदाच्या शेजारी मामाआजोबा होते. आईचे मामा, नाव स्वप्नील. उभं आयुष्य त्यांनी सर्व्हरचे प्रोग्रॅम लिहिण्यात घालवलं होतं, आणि त्याबद्दल ते कोणाला काही सांगत नसत. वाढपी मात्र या आधुनिक कार्यालयातही माणसंच होती. यंत्रांना आग्रह करता येत नाही, असा अनुभव होता.

"तोंड का पाडलंयस?" मामाआजोबांनी विचारलं.

"माझा प्रोग्रॅम मूर्ख आहे."

"सगळ्यांचेच असतात. माझे तर पगारी मूर्ख होते. सकाळी पहिल्यांदा काय केलंस?"

"सगळा आवाज येईपर्यंत थांबले."

"बरं. आता समज, आचाऱ्याने ठरवलं, वरणभातापासून ताकभातापर्यंत सगळं तुझ्या पानात एकदम ओतायचं. आणि ते सगळं पडल्यावरच तू पहिला घास घ्यायचास."

गोदाने पानाकडे बघितलं. "सगळं बाहेर वाहील. मांडीवर येईल."

"सर्व्हरच्याही मांडीवरच आलं. म्हणून तर चुली विझल्या. अगं, मोठी माहिती एका गठ्ठ्यात येतच नाही. ती तुकड्यातुकड्यांनी वाहत येते, तिला स्ट्रीम म्हणतात. आला तुकडा की वापरायचा, मग पुढचा."

"पण दुसऱ्यांदा मी तेच केलं की!"

"केलंस. चांगलं केलंस. संपलं हे कसं ठरवलंस?"

"शांतता झाली की संपलं."

मामाआजोबांनी तिच्या पानाकडे बोट दाखवलं. वरणभात संपला होता, भाजी संपली होती, मीठ आणि लिंबाची फोड तेवढी उरली होती. "पान रिकामं आहे तुझं. झालं जेवण? उठायचं?"

"छे! जिलबी यायचीय अजून."

"कशावरून?"

"ताकभात कुठे आलाय?"

"हं," म्हणाले मामाआजोबा, आणि कोशिंबीर खाऊ लागले.

मग गोदाच विचार करू लागली. पान रिकामं झालं म्हणून जेवण संपत नाही. वाढपी आत गेला असेल, जिलब्या कढईत असतील. पानाला यातलं काही कळत नाही. कळतं ते स्वयंपाकघराला. आपल्याकडचं सगळं वाढून झालं की ते शेवटी ताकभात धाडतं, आणि तो आला की आंधळ्यालाही समजतं, आता यापुढे काही नाही.

"मामाआजोबा, म्हणजे संपलं हे पाठवणाऱ्याने सांगायचं असतं. घेणाऱ्याने ठरवायचं नसतं."

"आणि पाठवणारा सांगतो. दर वेळी सांगतो. आत्याचं म्हणून झालं की तिथलं यंत्र 'संपलं' अशी खूण मागून धाडतं. आज सकाळीही उपग्रहाने धाडली असेल. तू कान दिला होतास का तिला?"

गोदाने मान हलवली. तिने फक्त शांततेला कान दिला होता.

"स्ट्रीम वाचताना तिच्याकडून हाका येतात," मामाआजोबा म्हणाले. "काहीतरी घडलं की हाक. त्या हाकेला इव्हेंट म्हणायचं. आणि त्या हाकेसाठी कान लावून बसवलेला जो प्रोग्रॅमचा भाग, तो लिसनर. तू त्याला आधीच सांगून ठेवायचं, अमुक हाक आली की तमुक कर. मग तू मोकळी. नाही तर ती समोरची मावशी बघ."

समोरच्या रांगेतली एक मावशी दर अर्ध्या मिनिटाला विचारत होती, "जिलबी आली का? अहो, जिलबी आली का?" वाढपी कंटाळून दुसऱ्या रांगेत निघून गेला होता.

"पहिली हाक कुठली?" गोदाने विचारलं.

"'तुकडा आला.' ही सारखी येते. आली की आवाज ऐकवायचा. 'संपलं' ही एकदाच येते, आणि तीही आलेला सगळा आवाज तू घेऊन झाल्यावर. पानात घास उरला असताना ती यायची नाही. तिच्या लिसनरला सांग, अंतरपाट काढ, बॅंड वाजव. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून तो हलता कामा नये. व्याह्यांच्या सुद्धा."

तेवढ्यात जिलबी आली. वाढप्याने दोन टाकल्या, तिसरी टाकणार, तोच गोदाने तोंड भरलेलं असल्यामुळे पानावर हात आडवा धरला.

"हे काय केलंस?" मामाआजोबा म्हणाले.

"थांब म्हटलं," गोदा कशीबशी म्हणाली.

"म्हणजे नको?"

"नको कुठे! आधीच्या संपू देत."

"मग त्याने ती जिलबी फेकून दिली?"

वाढपी ताट घेऊन उभा होता. गोदा हसली. "ताटात आहे."

"ते ताट म्हणजे बफर, पाठवलेलं पण अजून न घेतलेलं ठेवायचं भांडं. स्ट्रीमलाही असाच हात आडवा धरता येतो. तुकडे वाया जात नाहीत, ताटात थांबतात. हात काढलास की पुन्हा सुरू."

"आणि ताटच भरलं तर?"

"तर हा शहाणा माणूस आत जाऊन सांगेल, तळणं थांबवा. तसा निरोप उपग्रहापर्यंत जायला हवा. तेवढी व्यवस्था कर, म्हणजे झालं."

स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन आदळलं. आचारी बाहेर आला आणि म्हणाला, "मंडळी, मठ्ठ्याचं पातेलं लवंडलं. नवीन करतोय. बसून राहा."

मामाआजोबांचा चेहरा एकदम उजळला. मठ्ठा सांडल्यावर इतका आनंद झालेला माणूस गोदाने पहिल्यांदाच पाहिला.

"ऐकलंस? त्याने 'संपलं' म्हटलं?"

"नाही. 'बिघडलं' म्हटलं."

"आणि काय बिघडलं, तेही सांगितलं. ही तिसरी हाक. सगळ्यांत मानाची. बाकीच्या हाकांना कोणी कान दिला नाही तर त्या बिचाऱ्या हवेत विरून जातात. 'बिघडलं' या हाकेला कोणी कान दिला नाही, तर अख्खा प्रोग्रॅम जागच्या जागी कोसळतो. म्हणून तिचा लिसनर आधी बसवायचा, मग 'संपलं'चा, आणि सगळ्यांत शेवटी 'तुकडा आला'चा."

"तो शेवटी का?"

"कारण तो बसला की वाढायला सुरुवात होते. कान तयार नसताना कशाला वाढून घ्यायचं?"

संध्याकाळी पुन्हा तालीम झाली. या खेपेला उपग्रहाने मुद्दाम दोनदा अडखळून दाखवलं, तरी अंतरपाट हलला नाही. "संपलं" आलं तेव्हाच तो दूर झाला. लोडाचं लग्न निर्विघ्न पार पडलं. सदूचे वडील म्हणाले, "बघू उद्या." तेजश्रीकाकूंनी आपली मंगलाष्टकं घडी घालून पर्समध्ये ठेवली. वरच्या कप्प्यात.

लग्नाच्या दिवशी गोदा स्टेजच्या कडेला सर्व्हरच्या पडद्यासमोर बसली. नव्या परकराला खिसा नव्हता, म्हणून अक्षता तिने डाव्या मुठीत धरल्या होत्या. गुरुजींनी खूण केली. पडद्यावर पहिला तुकडा आल्याची हिरवी रेघ उमटली आणि सभागृहात आत्याचा आवाज आला:

आहे मी कितिही सुदूर तरिही, डोळ्यांपुढे ओसरी,
मेथीची हिरवी जुडी उगवली, या तांबड्या भूवरी...

"जुडी नाही, रोप उगवतं," मागे कोणीतरी पुटपुटलं. पण अंतरपाटाआड यमूताईच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे ती डोळे पुसत होती. सावधान झालं, अक्षता पडल्या. दुसरं कडवं झालं. तिसरं झालं. चौथ्याच्या पहिल्या ओळीत आत्याचा आवाज तुटला, आणि गोदाच्या पडद्यावर लाल अक्षरं आली: बिघडलं. गच्चीवरच्या तबकडीला उपग्रह ऐकू येत नाही.

सभागृहात शांतता पसरली. अंतरपाट जागचा हलला नाही.

"झालं ना?" सदूचे वडील म्हणाले. "काढा की!"

"संपलेलं नाही," गोदा म्हणाली. "बिघडलंय."

"फरक काय पडतो?"

"दीड-दोन कडव्यांचा पडतो."

बाबा गच्चीकडे धावले. थोड्याच वेळात त्यांचा आवाज जिन्यातून खाली आला. "अगं, तबकडीवर कुणीतरी धाबळीसारखं जाडजूड काहीतरी वाळत घातलंय! ओलंकच्च! वाऱ्याने सगळं पुढे सरकलंय! काढू का?"

"हात लावू नका!" असा आवाज सभागृहात घुमला. तो गुरुजींचा होता. "माझं सोवळं आहे ते!"

सोवळं म्हणजे आंघोळीनंतर पूजेला नेसायचं वस्त्र. दुसऱ्या कुणाचा हात लागला की ते पुन्हा धुवावं लागतं.

"पण गुरुजी, गच्चीत एवढ्या दोऱ्या बांधल्यात!" गोदाची आई म्हणाली.

"दोरीला कोणीही हात लावतं," गुरुजी म्हणाले. "तिथे पाटी होती, 'स्पर्श करू नये.' म्हटलं, अनायासे सोय आहे."

आणि मुहूर्ताच्या ऐन घटकेला गुरुजी धोतराचा सोगा सावरत स्वतः गच्चीकडे निघाले. आता मुहूर्ताबद्दल बोलायचं कुणाकडे, असा प्रश्न सदूच्या वडिलांना पडला. यमूताई आणि सदू अंतरपाटाच्या दोन बाजूंना हार घेऊन उभे. सगळ्यांच्या मुठीतल्या अक्षता घामाने चिकट झालेल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाळाने आपल्या खाऊन टाकल्या.

तेव्हा तेजश्रीकाकू उठल्या, पर्स उघडली आणि माइकपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पहिली ओळ त्यांनी कागदात डोकं घालून म्हटली. दुसऱ्या ओळीपासून आवाज सापडला. सदूची बालवाडी आली, चौथीची शिष्यवृत्ती आली, आणि मंडळी जरा सैलावून ऐकू लागली.

काकूंचं दुसरं कडवं चालू असताना गोदाच्या पडद्यावरची लाल अक्षरं गेली. गुरुजी गच्चीवर पोचले होते. "जिथे तुटलं तिथून पुढचं दे," असं तिच्या प्रोग्रॅमने उपग्रहाला सांगून ठेवलं होतंच, कारण उपग्रह आलेल्या आवाजाची प्रत स्वतःजवळ ठेवतो. आत्याचे पुढचे तुकडे दारात येऊन उभे राहिले.

काकूंचा माइक बंद करायचं बटण गोदाच्या हाताशीच होतं.

बाबा जिन्यातून धापा टाकत आले आणि खुणा करू लागले, लाव, लाव! गोदाने अंतरपाटाकडे बघितलं. मग काकूंकडे. काकूंच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. एवढ्या लोकांत एकटीने उभं राहून त्या यमूताईचीच वेळ सांभाळत होत्या.

गोदाने पानावर हात आडवा धरला. म्हणजे स्ट्रीमला सांगितलं, थांब.

तुकडे बफरमध्ये साठत गेले. पडद्यावरची पट्टी अर्धी झाली, पाऊण झाली, काठाला आली. मग निरोप वर गेला, उपग्रहाने पाठवणं थांबवलं, आणि पट्टी काठावरच थबकली. स्वयंपाकघरातल्या चुली चालू राहिल्या.

एवढ्यात काकू थांबल्या. सगळ्या माना गोदाकडे वळल्या. सदूचे वडील कुजबुजले, "हं, झालं तिचं, सोड आता!" गोदाचं बोट बटणापर्यंत गेलं, आणि तिथेच थांबलं. शांततेने तिला एकदा फसवलं होतं.

"काकू," तिने विचारलं, "संपलं का तुमचं?"

"छे गं," काकू म्हणाल्या. "दम खातेय. मामंजींचं कडवं राहिलंय."

ते कडवं झालं. सदूचे आजोबा पहिल्या रांगेत डोळे मिटून ऐकत होते. मग काकूंनी कागदाची घडी केली आणि म्हणाल्या, "झालं बाई माझं. आता तिचं लाव."

गोदाने हात काढला. आत्या जिथे तुटली होती त्याच शब्दापासून पुढे सुरू झाली, जणू काही मध्ये घडलंच नव्हतं. तिच्या बाजूने खरोखरच काही घडलं नव्हतं. गुरुजी सोवळं अंगापासून हातभर लांब धरून परत आले, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "आहे अजून मुहूर्त. बडबड नको."

चौथं कडवं झालं. पाचवं झालं. "शुभमंगल सावधान!" उरलेल्या सगळ्या अक्षता एकदम पडल्या. यमूताईने हार उचलला. सदूने मान पुढे केली.

"पाच!" बाबा ओरडले. "गोदा, पाच झाली!"

अंतरपाट हलला नाही. बॅंडचे पाच यंत्रमानव वाद्यं ओठांशी धरून पुतळ्यासारखे उभे. गोदा पडद्याकडे बघत होती. 'संपलं' अशी हाक आलेली नव्हती.

"बंद पडला वाटतं," कोणीतरी म्हणालं.

"नाही," गोदा म्हणाली. तिचं तिलाच ऐकू आलं, एवढ्या हळू. "ताकभात यायचाय."

आणि आत्याने सहावं कडवं सुरू केलं. ते तिने कुणाला कळवलं नव्हतं. बारा मिनिटांच्या पलीकडे, मेथीच्या वाफ्यापाशी बसून, सोवळ्याची, काकूंची, कशाचीच कल्पना नसताना तिने ते म्हणून टाकलं होतं. यमूचा हात धरून चालायला शिकवल्याचं त्यात होतं, सदूला चार शब्द होते, आणि शेवटची ओळ अशी होती:

वाटेची मज काळजी न उरली, गोदावरी ऐकते!

अंतरपाटाआड यमूताई मोठ्याने रडायलाच लागली. सदूने अंतरपाटाखालून रुमाल पुढे केला. गुरुजींना तो दिसला नाही, कारण ते त्या क्षणी मुद्दाम छताकडे बघत होते.

मग पडद्यावर शेवटची हाक आली: संपलं. दोन्ही यंत्रहातांनी अंतरपाट अलगद दूर केला, बॅंड कडाडला, हार पडले. गोदाने त्या क्षणी काहीच केलं नाही. जे करायचं ते तिने काल संध्याकाळीच सांगून ठेवलेलं होतं. त्यामुळे तिला मोकळ्या डोळ्यांनी बघता आलं. डाव्या मुठीतल्या अक्षता तशाच राहिल्या होत्या, त्या तिने दोघांच्या डोक्यावर टाकल्या.

पंगतीला बसायच्या आधी तिने मंगळाकडे निरोप सोडला. "आत्या, ऐकलं. सगळं. सहावं सुद्धा." उत्तर यायला वेळ होता. ती वाट बघत बसली नाही. उत्तर आलं की हाक मारायला लिसनर बसवला आणि काकूंना जेवायला घेऊन आली.

"पुढेमागे गुरूच्या चंद्रांवर माणसं राहायला जातील," मामाआजोबा पानावर बसता बसता म्हणाले. "तिथून आवाज यायला पाऊण तास लागेल. तेव्हा मी नसेन. पण तिकडचीही कुणीतरी मुलगी असेलच, लग्नात गाणारी."

"मग इकडे कान देणारंही कुणीतरी लागेल," गोदा म्हणाली.

"मी शिकीन की," तेजश्रीकाकू म्हणाल्या. "अवघड आहे का गं फार?"

गोदाने त्यांना पानातला वरणभात दाखवला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

या लग्नाचं चित्रीकरण अजून घरात आहे. सहाव्या कडव्याच्या वेळी फोटोग्राफर कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहिला होता, त्यामुळे त्यात पाच मिनिटं त्याची पाठ दिसते.